जबड्याखालच्या दोन गाठी

सत्तावीस वर्षं मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आहे, आणि सत्तावीस वर्षं लसीकेवर, म्हणजे लिम्फवर, होणारा अन्याय बघते आहे. रक्ताला अख्खा धडा, हृदयाच्या चार कप्प्यांची रंगीत आकृती, परीक्षेत हमखास प्रश्न. लसीकेच्या वाट्याला मात्र धड्याच्या शेपटाकडचा एक परिच्छेद, आणि तोही मुलं ऑप्शनला टाकतात. मला त्याचा राग येतो. दरवर्षी मी त्या एका परिच्छेदावर पूर्ण तास घेते आणि मुलं माझ्या पाठीमागे घड्याळाकडे बघतात, हेही मला माहीत आहे.

त्या तासाला मी हिरवा खडू काढते. रक्त शरीरभर फिरताना त्यातलं थोडं पाणी बारीक नळ्यांतून बाहेर झिरपतं आणि पेशींना खाऊपिऊ घालतं. बरंचसं परत रक्तात जातं, पण थोडं मागे उरतं. ते उरलेलं पाणी गोळा करून आणायचं काम लसीकावाहिन्यांचं. पातळ भिंतींच्या नाजूक नळ्या, आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा, आणि वाटेत जागोजागी गाठी. जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे. पाणी या गाठींतून गाळून पुढे जातं, कुठून जंतू आले असतील तर त्यांना तिथंच अडवलं जातं, आणि सगळं शेवटी मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत परत जातं. बेडकाला हे पाणी ढकलायला छोटी छोटी वेगळी हृदयं असतात. उंदराला, कुत्र्याला, गाईला, तुम्हाआम्हाला ती चैन नाही. आपलं हे पाणी आपल्या चालण्यानं चालतं. पाय हलले की स्नायू दाबतात, स्नायूंनी दाबलं की पाणी वर सरकतं. बसून राहिलात तर ते पायात बसून राहतं.

हे शेवटचं वाक्य मी एकदा घरी सासूबाईंना ऐकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "तुज्या वर्गात सांग. मी काय पोर हाय?"

सासूबाई उरणकडच्या मिठागरातल्या. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, उन्हात रापलेल्या, काटक. मी पुण्याची. आमचं जमायला दहा वर्षं लागली, आणि जमलं म्हणजे काय, तर एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं आम्ही बंद केलं. सासरे गेल्यावर माझा नवरा त्यांना इकडे पनवेलला घेऊन आला. आमचं घर जुन्या पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. त्या आल्या, गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या, आणि मग बसूनच राहिल्या. एक पावसाळा गेला, दिवाळी गेली. पाय सुजून घोट्याचं हाड दिसेनासं झालं. डॉक्टरांनी हृदय तपासलं, मूत्रपिंडं तपासली, सगळं ठीक. "आजी, चाला," एवढंच औषध. पण चालायचं कुणाकडे आणि कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि आमच्यापैकी कुणाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर चार पायांवर आलं. बिल्डिंगखाली एक पिवळट रंगाचं कुत्र्याचं पिल्लू आलं होतं. सासूबाई गॅलरीतून त्याला भाकरीचा तुकडा टाकायच्या. एकदा तुकडा पत्र्यावर अडकला आणि पिल्लू खालून रडायला लागलं, तेव्हा त्या काठी घेऊन तीन मजले उतरल्या. लिफ्ट बंद होती. मी कॉलेजातून आले तर या बाई फाटकाशी उभ्या आणि पिल्लू त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलेलं. आठवड्याभरात ते वर आलं. माझा नवरा म्हणाला, कुत्रं घरात नको. आठवड्यानंतर तोच त्याच्यासाठी पट्टा घेऊन आला.

तेव्हापासून दोन वर्षं सासूबाई रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला कुत्र्याला घेऊन खाडीच्या बांधापर्यंत जातात. दुपारी कॉलनीला एक फेरी. घोटे परत दिसायला लागले. तिथले मासे पकडणारे त्यांच्या ओळखीचे झाले, भाजीवाली ओळखीची झाली, बिल्डिंगमधल्या कुणाच्या घरी काय चाललंय हे मला त्यांच्याकडून कळायला लागलं. मी शिकवते ते लसीकेचं सगळं शास्त्र त्या कुत्र्यानं एकही शब्द न बोलता त्यांच्या पायात उतरवलं.

एवढं सांगितलं म्हणजे त्या रविवारी माझ्या तोंडचं पाणी का पळालं, हे लक्षात येईल.

रविवार हा कुत्र्याच्या आंघोळीचा दिवस. एरवी हे काम नवऱ्याचं, पण त्या दिवशी मी कुत्र्याच्या मानेवरचे गोचीड काढत होते. बोटं जबड्याखाली गेली आणि थबकली. दोन्ही बाजूंना एकेक गाठ. सुपारीपेक्षा मोठी, गुळगुळीत, गोल. दाबलं तर दुखत नव्हतं, उलट त्यानं माझं मनगट चाटलं. मी हात धुतले, मोबाइल घेतला आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून वाचायला लागले. कुत्र्यांना लसीका ग्रंथींचा कॅन्सर होतो. पुष्कळदा तो जबड्याखालच्या गाठींपासून लक्षात येतो. गाठी दोन्ही बाजूंना येतात. दुखत नाहीत. सुरुवातीला कुत्रं अगदी मजेत असतं, खातं, खेळतं. आमचा कुत्रा मजेत होता. साबणाच्या फेसासकट सगळ्या घरात पळत होता.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता आणि सोमवारी डॉक्टर गाठला असता. पण मी शिक्षिका. मला एखादी गोष्ट कळली की ती कुणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. दुपारी जेवताना मी ते सांगितलंच. नुसतं सांगितलं नाही, वर्तमानपत्राच्या कडेला कुत्र्याची आकृती काढून गाठी कुठं कुठं असतात ते दाखवलं. नवऱ्यानं विचारलं, "नक्की का?" मी म्हणाले, "सत्तावीस वर्षं शिकवतेय."

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "किती दिस?"

इथं तरी मला गप्प बसता यायला हवं होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय वाईट. "महिना," मी म्हणाले. "फार तर दोन."

त्यांच्या ताटात अर्धा पापलेट होता. तो त्यांनी कुत्र्याच्या थाळीत नेऊन टाकला, हात धुतले, देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आई एकवीरे, ह्याला बरा कर. ह्यो बरा व्हईपरत म्हावरं माज्या तोंडात जानार नाय."

मिठागरातल्या बाईनं मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. चहा सोडणं, साखर सोडणं, ते आमच्या पुण्याकडचे नवस. सासूबाईंच्या घरात सुकटीशिवाय दिवस जात नाही. सासऱ्यांचं सुतक संपल्या दिवशी सुद्धा त्यांनी आधी बोंबलाची चौकशी केली होती. सोमवारपासून घरात पालेभाजी आणि आमटी सुरू झाली. त्यांचं डोकं चढलं, माझा नवरा डबा उघडून उसासे टाकायला लागला, आणि सगळ्यात वाईट हाल ज्याच्यासाठी नवस होता त्या कुत्र्याचे झाले, कारण त्याला माशाची डोकी मिळेनाशी झाली. तो थाळीतल्या भाताकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आणि मी काय करत होते? मी त्याला डॉक्टरकडे नेत नव्हते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. सोमवारी मी म्हणाले, आज प्रॅक्टिकल आहे. मंगळवारी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. डॉक्टरनं तेच सांगितलं असतं तर ते कायमचं खरं झालं असतं. म्हणून मी घरच्या घरी शास्त्र चालवलं. कंपासपेटीतला डिव्हायडर आणि पट्टी घेऊन सकाळ-संध्याकाळ मी त्या गाठी मोजायची. सोमवारी सकाळी तीन सेंटिमीटर. संध्याकाळी तीन. मंगळवारी तीन. बुधवारी तीन. दोन्ही बाजूंना बरोबर सारख्या. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं असे आकडे आणले असते तर मी तिला विचारलं असतं, अगं, दोन्हीकडे इतकं सारखं, आणि जराही बदल नाही, हे तुला विचित्र नाही वाटत? स्वतःला मी हे विचारलं नाही. मी वहीत लिहिलं, 'वाढ मंद'.

या दिवसांत सासूबाई मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "ह्याचा मागचा पाय बग. सारखा चाटतंय." मी म्हणायची, हो आई, बघते. माझं सगळं ध्यान जबड्याखाली. पायाचं आणि कॅन्सरचं काय नातं? बुधवारी त्या परत म्हणाल्या, "चालताना जरा उचलतंय बी." मी चिडले. "आई, त्याला काय झालंय ते मला माहीत आहे," असं म्हणाले. हे मी चढ्या आवाजात म्हणाले, तेही सांगायला हवं. त्या गॅलरीत जाऊन खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी फिरायला त्याला माझा नवरा घेऊन गेला. सासूबाई उठल्याच नाहीत. गुरुवारी सकाळीही नाही. त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. घोट्याभोवती पुन्हा सूज धरायला लागली होती. कुत्रा अजून जिवंत होता, आणि तो गेल्यावर काय होणार ते मला आधीच दिसायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली. रिक्षा बोलावली, कुत्र्याला उचलून आत घातलं. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते." त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

दवाखाना पनवेलच्याच बाजाराकडच्या रस्त्याला. नवीन उघडलेला. बाहेर बाकावर मांजराची टोपली घेऊन एक आजोबा, एक चेन लावलेला भलामोठा कुत्रा, आणि आम्ही. नंबर लागला, आत गेलो, तर टेबलापलीकडची डॉक्टर उभीच राहिली. "मॅडम! ओळखलंत का?"

मी ओळखलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. अक्षर भयंकर. एकदा लसीकेच्या तासाला खिडकीबाहेर बघत होती म्हणून मी तिला उभं केलं होतं. तिला ते आठवत असेल तर तिनं दाखवलं नाही. "पेशंटला काय होतंय?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. कसं सांगितलं असेन! गाठी, त्यांचं माप, दोन्ही बाजूंना, वेदनारहित, वाढ मंद. वहीसुद्धा पुढे केली. ती शांतपणे ऐकत होती आणि एकीकडे तिचे हात कुत्र्याच्या जबड्याखाली फिरत होते. मग तिनं मान वर केली.

"मॅडम, तुमचा हात द्या."

मी हात दिला. तिनं माझी दोन बोटं धरून त्या गाठीवर ठेवली. "हीच ना? तीन सेंटिमीटरवाली?"

"हीच."

"ही लाळेची ग्रंथी आहे, मॅडम. प्रत्येक कुत्र्याला असते. दोन्ही बाजूंना. सारखीच."

तिनं माझी बोटं हलकेच पुढे सरकवली, हनुवटीच्या दिशेनं. "आता हलकं दाबा. आणखी हलकं. कातडीखाली काही घरंगळतंय?" कातडीखाली तुरीच्या डाळीएवढं काहीतरी बोटाखालून निसटलं. मग आणखी एक. "ह्या लसीकेच्या गाठी. अशाच बारीक असायला हव्यात. ह्याच्या अगदी नॉर्मल आहेत." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, पहिल्या वर्षाला आम्ही सगळे हीच चूक करायचो. पेशंटचे मालक तर आठवड्याला एक येतात."

मालक येतात, ते ठीक. पण लसीकेची आकृती सत्तावीस वर्षं हिरव्या खडूनं काढणाऱ्या बाईनं यावं? फळ्यावर गाठींच्या हिरव्या ठिपक्यांची माझी जागा बरोबर होती. मी फक्त जिवंत जनावराच्या जबड्याखाली आयुष्यात कधी बोट घातलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर सगळं घर चार दिवस उपाशी होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला लाज अजिबात वाटली नाही. लाज नंतर आली. तेव्हा नुसतं हायसं वाटलं, इतकं की मी टेबलाची कड धरली. कुत्र्याच्या तोंडाला नीट लाळ सुटते आहे, त्याची ग्रंथी ठणठणीत आहे, यापेक्षा आनंदाची बातमी मला बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

"आई," मी मागे वळून म्हणाले, "त्याला काही झालेलं नाही."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "पाय बगा म्हनावं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं एकेक गाठ तपासायला सुरुवात केली होतीच. खांद्यापुढची, काखेतली, जांघेतली. मग तिचा हात उजव्या मागच्या गुडघ्यामागे गेला आणि तिथं थांबला. डाव्या गुडघ्यामागे हात लावून बघितलं, परत उजव्या. "ही आलीय," ती म्हणाली. "बोराएवढी. दुसऱ्या बाजूला नाही." मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं. सगळीकडच्या गाठी एकदम सुजल्या असत्या तर भानगड अख्ख्या अंगाची. एकच सुजली असेल तर ती जिथलं पाणी गाळते, तिथं काहीतरी शिरलंय. गुडघ्यामागची गाठ पंज्याकडून येणारं पाणी गाळते.

"पायाला लागलं का जांगंत अवदान येतं," दारातून आवाज आला. "आमच्या मिठागरात बारक्या पोराला बी ठावं हाय. मी चार दिस सांगतंय."

डॉक्टर हसली. "आजी, अगदी बरोबर. कुत्र्याला ते गुडघ्याच्या मागे येतं, एवढंच."

अवधाण. हा शब्द मी लहानपणी पुण्यातही ऐकला होता. पायाला जखम झाली, की जांघेत गोळा येतो, तो अवधाण. पायातलं विष वर चढू नये म्हणून वाटेत नाका बसवलेला असतो, हे माणसांनी सूक्ष्मदर्शक येण्याआधी नुसत्या बोटांनी ओळखलं होतं आणि त्याला नावही ठेवलं होतं. मी वर्गात इतके शब्द फळ्यावर लिहिले, हा एक कधी लिहिला नाही.

तिनं पंजा उचलला, बोटांमधले केस कात्रीनं कापले, दिवा जवळ घेतला. दोन बोटांच्या बेचक्यात एक लालसर फोड, मधोमध काळा ठिपका. कुत्र्याचं तोंड मी धरलं, सासूबाईंनी पुढे येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. चिमटा आत गेला, तो एकदा कळवळला, पू आला, आणि पुवाबरोबर नखाएवढा एक करवती तुकडा बाहेर आला.

सासूबाईंनी तो दिव्याखाली नीट पाहिला. "शिंगाल्याचा काटा," त्या म्हणाल्या. "बांधावर काटं मोडून टाकतान, मेलं." शिंगाळा म्हणजे खाडीतला मिशावाला मासा. त्याचा काटा विषारी, म्हणून मासे पकडणारे तो आधी मोडून फेकतात. आमचा कुत्रा त्यावरून चालला होता.

जखम धुऊन, पट्टी बांधून, गोळ्या लिहून देताना डॉक्टरनं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. "दहा दिवसांत ही गाठ उतरायला हवी. नाही उतरली तर सुई घालून तपासू. उतरेल असं मला वाटतं, पण बघून मगच खात्रीनं सांगेन." खात्रीनं सांगायच्या आधी थांबणं ती माझ्याकडून शिकली नव्हती, हे नक्की.

रिक्षात माझा जीव जवळजवळ भांड्यात पडला होता, पण पूर्ण नाही. मी म्हणाले, "आई, आज बाजारातून बोंबील घेऊया का? त्याला काही नाहीच झालं."

"दहा दिस बोलली ना ती? आई एकवीरेला फसवायचं नाय."

रात्री माझ्या नवऱ्यानं मुद्दा काढला, की कुत्रा मुळात आजारीच नव्हता, तर नवस लागू कसा होतो? सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मंग काटा काय तुज्या पायात व्हता?" तो आमटीभात जेवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याकडे आल्या. "दाखव मला. कुटं असते ती गाठ." मी त्यांचा हात धरला. मिठानं चिरून चिरून कडक झालेली बोटं, मला वाटलं यांना काय जाणवणार. मी ती बोटं कुत्र्याच्या गुडघ्यामागच्या खाचेत ठेवली. "हलकं दाबा," मी म्हणाले. क्षणभरात त्या म्हणाल्या, "गावली." मला स्वतःला ती दोनदा निसटली होती.

मग रोजचा नेम झाला. सकाळी पट्टी बदलायची, गाठ बघायची आणि मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचं. माझा डिव्हायडर मी पेटीत ठेवून दिला होता. त्यांचं माप त्यांचं. पहिल्या दिवशी बोर. तिसऱ्या दिवशी चन्याएवढी, पण मोठा चना. पाचव्या दिवशी तशीच, आणि त्या दिवशी मी कॉलेजात दोन तास काय शिकवलं ते मला आठवत नाही. सातव्या दिवशी वाटाणा. पट्टी निघाल्यावर फिरणं परत सुरू झालं, आधी कॉलनीपुरतं, मग बांधापर्यंत. बांधावर सासूबाईंनी मासे पकडणाऱ्यांची अशी काही खरडपट्टी काढली, की आता ते शिंगाळ्याचे काटे डब्यात टाकतात.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी चहा गाळत होते. त्या बराच वेळ गॅलरीत कुत्र्याच्या मागे उकिडव्या बसलेल्या दिसत होत्या. मग आत आल्या. "दोन्ही बाजूंनी सारखंच लागतंय. तू बग." मी बघितलं. उजवीकडे नि डावीकडे, तेच बारीक घरंगळणारं काहीतरी. डॉक्टरला फोन केला, तिनं संध्याकाळी आणायला सांगितलं, बघितलं, आणि म्हणाली, "मॅडम, उतरली. आता अगदी खात्रीनं." तेव्हा कुठे माझा जीव पूर्ण भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायरीवर मी कुत्र्याच्या डोक्याचा मुका घेतला, तोही भर बाजारात. माझ्या एका विद्यार्थ्यानं ते पाहिलं असावं.

येताना बोंबील घेतले, कोळंबी घेतली. सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून बोंबील साफ करत होत्या, कुत्रा डोक्यांची वाट बघत समोर बसला होता, मी कांदा चिरत होते. त्या वर न बघता म्हणाल्या, "गावाला दिराला फोन केला आज."

"का? बरे आहेत ना?"

"बरं हाय. मागं त्याला बोललेली, माजी खोली झाडून ठेव म्हनून. आता सांगितलं, ऱ्हाऊ दे."

माझी सुरी थांबली. "मागं म्हणजे कधी?"

"तू म्हैना म्हनालीस ना. त्याच दुपारी."

मला आधी राग आला. माझा नवरा, मी, हे घर, तीन वर्षं आम्ही काय केलं नव्हतं? "आणि आम्ही?" मी विचारलं. आवाज चढलाच. "आम्ही कुणीच नाही का, आई?"

"तसं नाय गो." त्यांनी बोंबलाचं डोकं कुत्र्यापुढे टाकलं. "तुमी चांगलीच हाव. पन तुमी सकाली जाता, सांजंला येता. ह्यो गेला असता तर दिवसभर या घरात माजी वाट बगनारं कोन व्हतं?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या नुसतं सांगत होत्या. एका चुकीच्या गाठीवर बोट ठेवून मी महिना म्हणाले होते, आणि एका म्हाताऱ्या बाईनं त्या एका शब्दावर आपलं बिऱ्हाड हलवायची तयारी केली होती, मला न विचारता, न रडता. काटा निघाला नसता, डॉक्टरकडे जायला मी आणखी आठवडा लावला असता, तर त्या निघून गेल्या असत्या, आणि आम्ही म्हणालो असतो, की म्हाताऱ्या माणसांना शहर मानवत नाही. सुटकेचा निःश्वास टाकावा की रडावं ते मला कळेना. कांदा हाताशी होता, त्यामुळे दोन्ही करता आलं.

माझं पहिलं लेक्चर पावणेनऊला असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बूट घालून दाराशी उभी राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आपली काठी उचलली आणि पट्टा माझ्या हातात दिला.